‘गेले’ म्हणायचा परवाना

“‘गेले’ म्हणू नकोस, इर्मा. तुला काय दिसतंय तेवढं सांग,” मुख्य नर्स ब्रॉडीबाई फोनवर म्हणाल्या, आणि इर्मा कांगासला एकदम वाटलं की दुसऱ्याच्या खिशात असताना आपला हात कुणीतरी धरला. तिनं रिसीव्हर एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. समोर वृद्धाश्रमाच्या भोजनघरात शनिवारचा पत्त्यांचा डाव चालला होता, कॉफीचा आणि वेलदोड्याच्या पावाचा वास येत होता, आणि तिच्या पाठीमागे, लांब बोळाच्या टोकाला, बंद दाराआड वायनो हेइक्किला आपल्या पलंगावर उशांना टेकून बसल्यासारखा पडलेला होता. “श्वास दिसत नाही,” ती म्हणाली. “नाडी लागत नाही. छातीला स्टेथोस्कोप लावून पूर्ण मिनिटभर ऐकलं. दोनदा. काही नाही.” “छान. एवढंच म्हणायचं. बाकीचं मी आल्यावर,” ब्रॉडीबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता; उलट एखाद्या शिकाऊ मुलीला सांभाळून घ्यावं तसा मऊपणा होता, आणि तोच इर्माला जास्त लागला. मग त्यांनी सांगितलं की वाऱ्यामुळे उंच पूल बंद केलाय, खाडीच्या पलीकडून लांबचा वळसा घालून यावं लागेल, वेळ लागेल. तोवर काही हलवायचं नाही, डोळे मिटायचे नाहीत, प्राणवायूचं यंत्र बंद करायचं नाही. घरच्यांना काही सांगायचं नाही. “त्यांचा मुलगा निघालाय बेमिजीहून,” इर्मा म्हणाली. “सकाळी श्वास बदलला तेव्हा मीच कळवलं होतं.” “मग त्याला म्हण, मी येतेय. मी बोलेन त्याच्याशी.”

इर्मा धाकट्या परवान्याची नर्स होती. वर्षभराचा अभ्यासक्रम, मग परीक्षा, मग हा परवाना. आणि ब्रॉडीबाईंसारख्यांचा मोठा. धाकट्या परवान्याला गोळ्या देता येत, जखमा बांधता येत, रक्तदाब मोजता येई, रात्री नाहीतर सुटीच्या दिवशी सबंध मजला सांभाळता येई. पण पाहायचं आणि कळवायचं, ठरवायचं नाही. ठरवायचं काम वरच्यांचं. ह्याचं तिला कधी वाईट वाटलं नव्हतं. उलट त्यात एक विसावा होता. म्हातारी माणसं तिला विचारत, “मी जगेन का गं उन्हाळ्यापर्यंत?” आणि ती खरोखरच म्हणू शकत असे की ते माझं काम नाही, आजी, पाय वर घ्या बघू. आणि नियमाला कारण होतं, हेही तिला ठाऊक होतं. शेजारच्या गावी एका घरात अशीच एक धाकटी नर्स एका म्हातारीला घाईनं ‘गेली’ म्हणून बसली, आणि मयताच्या गाडीत ती म्हातारी खोकली. ही गोष्ट ब्रॉडीबाई प्रत्येक नव्या बाईला सांगत आणि त्यावर कुणी हसत नसे.

ती परत वायनोच्या खोलीत गेली. खिडकीतून खाली उताराची गल्ली, तिच्या टोकाला गोठलेलं सरोवर, आणि कडेला जहाजांत लोहखनिज भरायच्या धक्क्याचा तो काळा, लांबलचक सांगाडा, ज्याच्यावर वायनोनं सगळं आयुष्य काढलं होतं. बर्फ आडवा उडत होता. यंत्र कोपऱ्यात घरघरत होतं, ठरावीक वेळानं धप् करत होतं, आणि नळीतून वायनोच्या नाकात हवा सोडत होतं. ती हवा आत कुठं जात होती कोण जाणे. तिचा सूं सूं आवाज मात्र तंतोतंत श्वासासारखा होता. वायनोचे डोळे अर्धे उघडे, तोंड उघडं; गेले चार-पाच दिवस तो असाच दिसत होता. काय बदललं होतं ते तिला सांगता आलं नसतं. दार उघडताक्षणी कळलं होतं एवढं खरं. खोलीत आपण एकट्याच आहोत हे जसं कळतं तसं. पण आता फोननंतर त्या कळण्याला कुठंतरी चीर गेली होती. पांघरुणाची कड हलल्यासारखी वाटली. ती वाकून पाहू लागली. खालच्या जाळीतून गरम हवा येत होती, त्यानं हलली असेल. असेलच. तिनं पुन्हा छातीला स्टेथोस्कोप लावला, श्वास रोखून ऐकलं, आणि ह्या खेपेला तिला दूर, फार खोल, काहीतरी ठोकल्यासारखं ऐकू आलं, म्हणून तिनं घाबरून तो काढला. तो तिचाच कानातला ठोका होता. उभ्या जन्मात तिनं इतकी मेलेली माणसं पाहिली, आणि आज हाच माणूस मेलाय की नाही हे तिला सांगता येईना. पूर्वी असं नव्हतं. सासऱ्याच्या शेतावर ब्रिमसनला कुणी गेलं की बायका जवळ जात, तोंडाजवळ गाल नेत, आणि म्हणत, गेले. मग पुरुष टोप्या काढत, सौनाच्या, वाफेच्या आंघोळीच्या लाकडी खोलीत पाणी तापवलं जाई, जिथं बाळंतपणं झाली त्याच फळीवर मेलेल्याला आंघोळ घातली जाई. कोण म्हणालं, कोणाच्या परवान्यानं म्हणालं, असं कुणी विचारलं नव्हतं.

बर्निस दारात आली. बर्निस गोळ्याही देत नसे. आंघोळी, चादरी, भरवणं, एवढंच तिचं. इर्मापेक्षा वयानं मोठी, गुडघे दुखरे, तोंड सैल. तिनं पलंगाकडे एकदा पाहिलं आणि छातीवर क्रूस केला. “पाणी ठेवू का गं?” “नको. ब्रॉडीबाई यायच्यात.” “म्हणजे तोवर हा जिवंत?” बर्निस म्हणाली. “मग जेवणाचं ताट आणू त्याचं?” इर्मा हसली नाही. बर्निस म्हणाली, “अगं, खाली मुलगा आलाय. बर्फ झटकतोय. बापासारखंच नाक,” आणि लंगडत निघून गेली.

डेल हेइक्किला साठीकडे झुकलेला, रुंद हातांचा माणूस होता. बेमिजीला त्याचं नळदुरुस्तीचं दुकान होतं. वायनो इथं आल्यापासून तो दोनदा आला असेल, आणि दोन्ही वेळा अंगातला कोट न काढता बसला होता. बोळात समोर येऊन त्यानं टोपी काढली आणि विचारलं, “झोपलेत का?” इर्माच्या जिभेवर शब्द आला होता. तो साधा शब्द होता, त्याला दोनच अक्षरं होती. ती म्हणाली, “मुख्य नर्सबाई येतायत. त्या बोलतील तुमच्याशी.” तो तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. “पण मी आत जाऊ ना?” आणि इर्मानं त्याच्या कोपराला हात लावला आणि म्हणाली, “जा आत. बोला त्यांच्याशी.” ते म्हणताना तिला असं वाटलं की हे वाक्य आपलं नाही. ते कुठूनतरी जसंच्या तसं, त्या स्वरासकट, त्या कोपराला लावलेल्या हातासकट आलं होतं. जसा एखादा कोट अंगात घातल्यावर कळावं की हा दुसऱ्याच्या अंगाला बसलेला आहे.

तो आत गेला, खुर्ची ओढली, आणि दारातच थांबलेल्या तिला म्हणाला, “तुम्ही थांबाल का जरा? मला ह्यांच्याबरोबर एकट्यानं बसायची सवय नाही.” म्हणून ती खिडकीशी उभी राहिली, पाठ अर्धी वळवून. संध्याकाळ दाटत होती. डेलनं प्रथम रस्त्याबद्दल सांगितलं, बर्फ लोटणारी गाडी कुठं अडकली होती ते. मग दुकानाबद्दल. मेलेल्या माणसाला कुणी नळाच्या वायसरांबद्दल सांगतंय, आणि ते ऐकून कुणीतरी गप्प उभं आहे, हे इर्माला इतकं भयंकर वाटलं की तिनं खिडकीची कड घट्ट धरली. आता सांगावं. आता, हे वाक्य संपलं की. पण आतून दुसरा एक आवाज म्हणत होता, आणि नसला गेला तर? तुला काय ठाऊक? सूं सूं, सूं सूं, नळी चालली होती. डेलनं बापाचा हात पांघरुणावरून उचलून आपल्या दोन्ही हातांत घेतला. तो हात गार असणारच; पण बाहेरून आलेल्या माणसाचे हात त्याहून गार होते.

“आईचं सांगायचं होतं, बाबा,” तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला नव्हता. वायसरांच्याच आवाजात तो बोलत होता. “तुम्ही म्हणालात, ती गेली. मी दुसरीत होतो. धाकटी मॅविस तर पाळण्यात. तुम्ही आम्हाला चर्चमध्ये पण नेलंत. लढाईवरून परत आलो तेव्हा हिल्मामावशीनं पिऊन सांगितलं, ती आहे. दक्षिणेकडे वेड्यांच्या सरकारी इस्पितळात. मी गेलो बघायला. बटाटे सोलत बसली होती. मला नाही ओळखलं. मला तिथला नोकर समजली, आणि विचारलं, वायनो कधी येणार? दर खेपेला तेच. वायनो कधी येणार. मी म्हणायचो, येतील. मग एकदा मला राहवलं नाही. मी म्हटलं, वायनो मेला. धक्क्यावर बर्फ फुटला आणि बुडाला.” तो थांबला. “रडली नाही, बाबा. म्हणाली, बरं झालं गं बाई, मला वाटलं होतं विसरला. मग उठली आणि केस विंचरले. आणि पुढच्या वसंतात गेली, खरीखुरी. तुम्ही तिला मारलंत आमच्यापुरतं, आणि मी तुम्हाला मारलं तिच्यापुरतं. मला वाटायचं, तुम्हाला हे कळायला पाहिजे. मरण्याआधी कळायला पाहिजे. की तुम्ही मेल्याचं ऐकून तिला बरं वाटलं होतं.”

कोपऱ्यात यंत्र धप् करून पुन्हा घरघरू लागलं. मग डेल दबक्या आवाजात म्हणाला, “बाई, इकडे बघा. बोट दाबलं त्यांनी. माझं बोट दाबतायत.” इर्मानं वळून पाहिलं. त्याच्या रुंद तळव्यात वायनोची बोटं तशीच निर्जीव पडली होती, आणि डेलचा अंगठा त्यांच्यावर इतका घट्ट आवळलेला होता की त्याचं नख पांढरं पडलं होतं.

आणि तेव्हा तिला कळलं की ते वाक्य कुणाचं होतं. दुसरा बोळ, ह्याच गावातल्या, खालच्या बाजूच्या इस्पितळाचा. फिनाईलनं पुसलेली फरशी, कुठूनतरी शिजत्या कोबीचा वास. तिचा नवरा आर्ने सिमेंटच्या कारखान्यात सकाळी कोसळला होता, आणि ती दुकानातला एप्रन तसाच अंगावर घेऊन बसनं आली होती. बोळात एक नर्स उभी होती. चेहरा आठवत नव्हता. चेहऱ्यावर काही नव्हतं एवढंच आठवत होतं, आणि त्या काही नसण्यालाच इर्मानं इतकी वर्षं शांतपणा म्हटलं होतं. त्या बाईनं तिच्या कोपराला हात लावला आणि म्हणाली, जा आत, बोला त्यांच्याशी, डॉक्टर येतायत. आणि ती आत गेली. दोन वर्षं आर्ने तिच्या मागे लागला होता की शेतावर राहायला जाऊ, बाप थकलाय. आणि दोन वर्षं ती नाही म्हणत होती. दगडांचं शेत, डास, सासूचा तो मुका राग. त्या सकाळीसुद्धा ती नाहीच म्हणाली होती. आत जाऊन तिनं त्याचा हात धरला आणि म्हणाली, ठीक आहे, आर्ने. जाऊ या. वसंतात जाऊ या. त्यानं तिचं बोट दाबलं. मग डॉक्टर आले, आणि तिला बाहेर काढलं, आणि थोड्या वेळानं सांगितलं. त्या दाबण्यावर तिनं पुढचं सगळं बांधलं होतं. पुन्हा लग्न केलं नाही ते त्यावर. नर्सचा अभ्यासक्रम केला तो त्या बोळातल्या बाईसारखं व्हायचं म्हणून. त्याला कळलं, त्यानं ऐकलं, आपण वेळेत पोचलो. आणि इतकी वर्षं ती प्रत्येक नव्या बाईला नाडी बघायला शिकवताना सांगत आली होती: अंगठा नको गं वापरूस, स्वतःचीच लागते. शेकडो वेळा सांगितलं असेल. एकदाही ते वाक्य तिनं आर्नेच्या त्या दाबण्याला लावून पाहिलं नव्हतं.

तिनं खिडकीची कड सोडली. ती बोलणार होती. काय ते तिला माहीत नव्हतं. बोळात पावलं वाजली आणि ब्रॉडीबाई आत आल्या, भुवयांवर बर्फ, गळ्यात स्टेथोस्कोप. त्यांनी डेलला आपलं नाव सांगितलं, जरा बाजूला व्हा म्हणाल्या, हात चोळून ऊब आणली. मेलेल्याला गार लागू नये म्हणून की काय. मग त्या वाकल्या आणि ऐकत राहिल्या. फार नीट, फार सावकाश. सरळ होऊन त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, “पाच पन्नास.” मग त्यांनी यंत्राचं बटण बंद केलं. खोली इतकी शांत झाली की डेलनं मागं भिंतीला हात लावला. ब्रॉडीबाई त्याच्याजवळ गेल्या. “गेले ते,” त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून तो शब्द खरोखरच वेगळा वाटला, शिक्का उमटावा तसा. “तुम्ही जवळ होतात शेवटी. असं सगळ्यांच्या नशिबी नसतं.”

इर्मा संध्याकाळच्या गोळ्या काढायला औषधांच्या खोलीत गेली. हात काम करत होते. पिवळी, पिवळी, पांढरी, अर्धी. डेल तिथं आला तेव्हा तिला आश्चर्य वाटलं नाही. तो उंबऱ्यातच उभा राहिला, कोट हातावर घेऊन. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“मी ते बोललो आणि ते गेले,” तो म्हणाला. “तुम्ही होतात तिथं. मी ते बोललो, त्यांनी बोट दाबलं, आणि ते गेले. तेच ऐकून गेले का हो?”

“ब्रॉडीबाईंनी वेळ सांगितली ना तुम्हाला.”

“वेळ नाही विचारत मी. मला ह्या बर्फात सहा तास गाडी चालवून घरी जायचंय आणि त्यानंतर जगायचंय.”

ती गोळ्यांच्या वाट्यांकडे पाहत राहिली. काही न बोलणं किती सोपं होतं. सगळं तिच्या बाजूनं होतं, नियम, घड्याळ, वरच्यांचा शब्द. आणि तिच्या स्वतःच्या आयुष्यातली ती एक खोलीसुद्धा, जिथं आर्ने अजून तिचं बोट दाबत होता. ह्या माणसाला मोकळं करायचं तर त्या खोलीचं दार आपल्याच हातानं उघडावं लागणार होतं, आणि मग ते पुन्हा लागणार नव्हतं. तिला वाटलं, थोडं थांबावं. सोमवारी कळवावं, पत्रानं. पण तो उभा होता, आणि त्याचे ते रुंद हात लोंबकळत होते.

“ते आधीच गेले होते,” इर्मा म्हणाली. “तुम्ही यायच्या आधी. दुपारच्या कॉफीच्या सुमाराला. मी दार उघडलं तेव्हाच.”

“पण बोट—”

“तुमचं होतं ते. आपण घट्ट धरलं की आपलीच नाडी लागते. वाटतं, समोरचा दाबतोय.” आणि जरा थांबून ती म्हणाली, “सगळ्यांना वाटतं.”

ती त्याच्या खांद्यांकडे पाहत होती, ते खाली येतील म्हणून. ते आले नाहीत. तो हळूहळू समजून घेत होता, जसा एखादा माणूस नकाशा उलटा धरलाय हे समजून घेतो. मग तो म्हणाला, “म्हणजे मी त्यांना सांगितलंच नाही.”

“नाही.”

“तीस वर्षं मनात घोकलं ते. आणि सांगितलंच नाही.” त्याच्या तोंडातून हसल्यासारखं काहीतरी निघालं. “मग मी सांगितलं कुणाला?”

“मला,” इर्मा म्हणाली. “मी ऐकलं सगळं.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं. त्यात आभार नव्हते. रागही म्हणता आला नसता. एखाद्या अनोळखी माणसाच्या हाती आपलं काहीतरी राहून गेलंय आणि ते परत मागताही येत नाही, असं ते पाहणं होतं. मग त्यानं टोपी घातली आणि जिन्यानं खाली गेला. तिला वाटलं, त्या दुसऱ्या बोळातली ती बाई, ती खिडकीशी उभी असेल का? आपण आर्नेला ‘जाऊ या’ म्हणालो तेव्हा? तिनं ऐकलं असेल. मग तेवढ्या एकीनंच ऐकलं असेल ह्या जगात. आणि ती बाई आता कुठं असेल, कधीच मेली असेल, आणि ते वाक्य तिच्याबरोबर मातीत गेलं असेल.

बाजूच्या टेबलाशी ब्रॉडीबाई पेन टोपणात घालत होत्या. मधली काच उघडी होती. “ऐकलं मी,” त्या म्हणाल्या. इर्मानं हातातली वाटी खाली ठेवली. “मला वर कळवावं लागेल, इर्मा. तुला ठाऊक आहे. मी कळवलं नाही तर माझाही परवाना जाईल.”

“कळवा.”

“कशाला केलंस हे? तासाभरात तो शांत झाला असता. लोक होतात.”

“हो,” इर्मा म्हणाली. “होतात.” आणि तिला दिसलं की ब्रॉडीबाई दमल्या आहेत, बुटांभोवती बर्फाचं पाणी साचलंय, आणि त्यांना अजून तो सगळा वळसा घालून परत जायचंय. “सोमवारी ये आठ वाजता,” त्या म्हणाल्या. “परवाना घेऊन.”

मग बर्निसनं हाक मारली. दोघींनी मिळून वायनोच्या उशा काढल्या, त्याला सपाट निजवलं, नाकातली नळी सोडवली. गालांवर तिचे दोन वळ राहिले होते. आता डोळे मिटायला हरकत नव्हती, पण ते पुरते मिटेनात. बाहेर खाली डेलच्या गाडीचे दिवे लागले होते आणि गाडी जागची हलत नव्हती. बर्फ त्या उजेडात आडवा जात होता. बर्निस नेहमीसारखी वायनोशी बोलत होती. “आता कूस वळवते हं, दादा. आता हात वर. झालं, झालं.” सगळ्याच बोलतात तशा. इर्माही बोलत असे, आजपर्यंत, प्रत्येकाशी. आज ती नुसते हात चालवत होती. “गप्प का गं?” बर्निस म्हणाली. “बोल की काहीतरी. बिचाऱ्याला वाटेल, रागावली.”

इर्मानं बर्निसनं आणलेली पाण्याची परात पुढं ओढली, फडकं बुडवलं, आणि मनगटाची आतली बाजू पाण्याला लावून पाहिली. पाणी निवलं होतं. ती तशीच परात उचलून न्हाणीघरात गेली, ते ओतून दिलं, आणि वाफ येईपर्यंत नळ सोडून उभी राहिली.